इंग्रजी विशेषण: रूप एकच, जागा ठरलेली

मराठीत ‘चांगला’ हा शब्द वापरायचा झाला, तर तो कोणाबद्दल आहे हे आधी पाहावे लागते. मुलगा असेल तर चांगला, मुलगी असेल तर चांगली, पुस्तक असेल तर चांगले, अनेक मुली असतील तर चांगल्या. आणि नामाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागले, की लिंग कोणतेही असो, ‘चांगल्या मुलाला’, ‘चांगल्या पुस्तकात’, ‘चांगल्या मुलींसाठी’ असे सामान्यरूप येते. हे सारे आपण विचार न करता करतो. इंग्रजीत या सगळ्या ठिकाणी ‘गुड’ हा एकच शब्द चालतो: ‘अ गुड बॉय’, ‘अ गुड गर्ल’, ‘गुड बुक्स’, ‘फॉर गुड गर्ल्स’. त्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. त्यामुळे विशेषणाचा धडा सर्वांत सोपा म्हणून पटकन उरकला जातो, आणि पुढे अर्ज, अहवाल किंवा ईमेल लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी बऱ्याच याच धड्यातल्या निघतात.

याचे कारण असे, की मराठी विशेषण जे काम रूप बदलून करते, ते इंग्रजी विशेषणाला जागेवरून करावे लागते. ‘साडी घेतली मी, हिरवी’ असे कोणी म्हणाले, तरी हिरवी काय हा प्रश्न पडत नाही, कारण ‘हिरवी’मधली ईकारान्त खूण साडीशी जुळते, मधे क्रियापद आले, कर्ता आला, तरी नाते तुटत नाही. इंग्रजीत ‘ग्रीन’ या शब्दावर अशी कोणतीच खूण नाही. तो ‘सारी’ या शब्दाच्या लगेच आधी ठेवावा लागतो, किंवा ‘द सारी इज ग्रीन’ असे म्हणून क्रियापदाच्या पुढे. तिसऱ्या जागी तो बहुधा निराधार होतो.

आपल्याकडेही न बदलणारी विशेषणे आहेतच. लाल घोडा, लाल गाडी, लाल फूल, लाल गाड्यांना; ‘लाल’ जागचा हलत नाही. सुंदर, हुशार, कठीण, गोड, महाग ही त्याच वर्गातली. इंग्रजीतली जवळजवळ सगळी विशेषणे ‘लाल’सारखी आहेत असे धरून चालले, की निम्मे काम झाले. अपवाद म्हणून ‘धिस’ आणि ‘दॅट’ यांची अनेकवचने ‘दीज’ आणि ‘दोज’ अशी होतात, एवढे लक्षात ठेवावे.

ही स्थिती पूर्वीपासूनची मात्र नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत विशेषणे मराठीसारखीच लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे बदलत असत. आजच्या ‘गुड’ची त्या काळी ‘गोद’, ‘गोदने’, ‘गोदुम’, ‘गोदरा’ अशी अनेक रूपे होती. पुढच्या काही शतकांत शब्दांचे शेवटचे स्वर बोलण्यात झिजत गेले, त्याबरोबर प्रत्यय गळाले आणि पंधरावे शतक संपेपर्यंत विशेषण पूर्ण बोडके झाले. प्रत्यय गेले तसतसा शब्दक्रम ताठ होत गेला. आज शिकणाऱ्याला जे नियम जाचक वाटतात, ते या झिजेची भरपाई आहेत.

आता त्या दोन जागांकडे वळू. पहिली नामाच्या आधीची, दुसरी ‘इज’, ‘आर’, ‘सीम’, ‘बिकम’ अशा क्रियापदांनंतरची. बहुतेक विशेषणे दोन्हीकडे चालतात. पण काहींना एकच जागा मानवते, आणि अडचण तिथे येते. ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’, ‘अवेक’, ‘अफ्रेड’, ‘अलोन’, ‘अलाइक’ हे शब्द नामाआधी बसत नाहीत. ‘द चाइल्ड इज अस्लीप’ बरोबर आहे, पण ‘झोपलेले मूल’ या अर्थी ‘ॲन अस्लीप चाइल्ड’ म्हणता येत नाही. तिथे ‘अ स्लीपिंग चाइल्ड’ म्हणावे लागते. यांतल्या ‘अस्लीप’ आणि ‘अलाइव्ह’ यांच्या सुरुवातीचा ‘अ’ हा मुळात ‘ऑन’ होता, म्हणजे हे शब्द ‘झोपेत’, ‘जिवंतपणी’ अशा धर्तीचे शब्दसमूह होते. ‘झोपेत मूल’ असे आपणही म्हणत नाही, ‘मूल झोपेत आहे’ असेच म्हणतो. याच्या उलट ‘मेन’, ‘मिअर’, ‘फॉर्मर’, ‘अटर’ हे शब्द फक्त नामाआधीच येतात. ‘द मेन रीझन’ म्हणावे. ‘हे कारण मुख्य आहे’ याचे ‘धिस रीझन इज मेन’ असे भाषांतर केले तर वाक्य कोसळते.

जागा बदलल्यावर अर्थच बदलतो असेही काही शब्द आहेत, आणि माझ्या मते विशेषणांच्या अभ्यासात सर्वांत रसाळ भाग हाच. ‘द चीफ मिनिस्टर इज लेट’ म्हणजे मुख्यमंत्र्यांना उशीर झाला आहे. ‘द लेट चीफ मिनिस्टर’ म्हणजे दिवंगत मुख्यमंत्री. ‘द प्रेझेंट मेंबर्स’ म्हणजे सध्याचे सदस्य, मग ते सभेला आलेले असोत वा नसोत. ‘द मेंबर्स प्रेझेंट’ म्हणजे सभेला हजर असलेले सदस्य. गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त इंग्रजीत लिहिणाऱ्याने हा फरक सांभाळला नाही, तर गणपूर्ती झाली होती की नव्हती, याचाच घोळ होऊ शकतो. ‘अ रिस्पॉन्सिबल पर्सन’ म्हणजे जबाबदार, भरवशाचा माणूस. ‘द पर्सन रिस्पॉन्सिबल’ म्हणजे घडल्या प्रकाराला जो कारण आहे तो.

सरकारी आणि निमसरकारी पत्रव्यवहारात सर्रास दिसणारा शब्दप्रयोग याच जातीचा आहे. मराठी टिपणीत ‘संबंधित अधिकाऱ्याने योग्य ती कार्यवाही करावी’ असे वाक्य असते, आणि त्याचे इंग्रजी होते ‘द कन्सर्न्ड ऑफिसर’. ब्रिटिश किंवा अमेरिकी वाचकाच्या कानाला त्याचा अर्थ ‘चिंतेत पडलेला अधिकारी’ असा लागतो, कारण ‘कन्सर्न्ड’ नामाआधी आला की तो काळजीचा शब्द होतो. ‘संबंधित’ या अर्थी तो नामानंतर यायला हवा: ‘दी ऑफिसर कन्सर्न्ड’. भारतात मात्र ‘कन्सर्न्ड ऑफिसर’ इतका रुळला आहे, की इथल्या इथे त्याने कोणाचा गैरसमज होत नाही. त्यामुळे तो सरसकट चुकीचा ठरवण्यात मला हशील वाटत नाही. पत्र देशाबाहेर जाणार असेल तेव्हा तेवढे शब्द उलटे करावेत. ‘मी प्रॉपर पुण्याचा’ हा आपला लाडका प्रयोगही असाच. ‘खास शहरातला, उपनगरातला नव्हे’ या अर्थी इंग्रजीत ‘पुणे प्रॉपर’ असा क्रम लागतो. ‘प्रॉपर’ आधी आला की त्याचा अर्थ ‘योग्य’ किंवा ‘रीतसर’ असा होतो.

नामानंतर विशेषण येण्याची आणखी एक जुनी पेठ म्हणजे कायद्याची भाषा. सन 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या दरबारात आणि न्यायालयांत फ्रेंच भाषा शिरली. खटल्यांचे युक्तिवाद इंग्रजीत चालावेत असा कायदा व्हायला 1362 साल उजाडले, आणि त्यानंतरही कायद्याच्या पुस्तकांतली फ्रेंच बराच काळ टिकून राहिली. फ्रेंचमध्ये विशेषण बहुधा नामाच्या मागून येते, आणि तो क्रम काही पदनामांत आणि कायद्याच्या संज्ञांत गोठून राहिला: ‘अटर्नी जनरल’, ‘नोटरी पब्लिक’, ‘कोर्ट मार्शल’. भारताच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 76 मधले ‘अटर्नी जनरल’, म्हणजे महान्यायवादी, आणि अनुच्छेद 165 मधले ‘ॲडव्होकेट जनरल’, म्हणजे महाधिवक्ता, ही पदे याच परंपरेतली. इथला ‘जनरल’ सेनापती नव्हे. तो ‘सर्वसाधारण अधिकार असलेला’ या अर्थाचे विशेषण आहे. म्हणून अनेकवचन करताना ‘स’ नामाला लागतो, विशेषणाला नाही: ‘अटर्नीज जनरल’, ‘डायरेक्टर्स जनरल ऑफ पोलीस’. ‘डायरेक्टर जनरल्स’ असे वर्तमानपत्रांतही छापून येते, पण पदनामातले मूळ नाम कोणते हे कळले, की तो ‘स’ आपोआप योग्य ठिकाणी जातो.

‘काहीतरी नवीन’, ‘कोणीतरी ओळखीचे’ हा मराठी क्रम इंग्रजीत जसाच्या तसा चालतो: ‘समथिंग न्यू’, ‘समवन फमिल्यर’. मापांचेही तसेच: ‘सहा फूट उंच’ म्हणजे ‘सिक्स फीट टॉल’.

नामाआधी एकाहून अधिक विशेषणे आली, की त्यांचा आपसातला क्रमही ठरलेला असतो. व्याकरणाच्या पुस्तकांत तो साधारण असा दिलेला असतो: आधी बोलणाऱ्याचे मत, मग आकारमान, मग वय, मग आकार, मग रंग, मग मूळ ठिकाण, मग ज्याची वस्तू बनवली तो पदार्थ, आणि अगदी शेवटी, नामाला खेटून, तिचा उपयोग. देवघरातल्या पितळी तांब्याचे वर्णन करायचे तर ‘अ लव्हली स्मॉल ओल्ड राउंड ब्रास वॉटर पॉट’ असे होईल. ‘वॉटर’ हा उपयोग, म्हणून तो भांड्याला चिकटून; ‘ब्रास’ हा धातू, म्हणून त्याच्या आधी; ‘राउंड’ हा घाट, ‘ओल्ड’ वय, ‘स्मॉल’ आकारमान; आणि ‘लव्हली’ हे बोलणाऱ्याचे मत, म्हणून ते सर्वांत लांब. ‘अ ब्रास राउंड ओल्ड स्मॉल लव्हली पॉट’ असे म्हटले तर ऐकणाऱ्याला अर्थ कळेल, पण बोलणाऱ्याला इंग्रजी येत नाही हेही त्याच क्षणी कळेल.

ही यादी पाठ करण्यापेक्षा तिच्यामागचे तत्त्व धरून ठेवणे सोयीचे आहे. जो गुण वस्तूपासून वेगळा करता येत नाही, तो तिच्या जवळ. जो पाहणाऱ्यागणिक बदलतो, तो लांब. पितळेचा तांब्या कोणाच्याही घरी पितळेचाच राहतो, पण तो सुंदर आहे की नाही यावर दोघांचे दुमत होऊ शकते. मराठीतही ही ओढ आहे. ‘सुंदर जुने सागवानी कपाट’ हे सहज तोंडी येते, ‘सागवानी जुने सुंदर कपाट’ अडखळते. फरक इतकाच, की मराठी कान थोडी उलटापालट खपवून घेतो आणि इंग्रजी कान घेत नाही. शिवाय प्रत्यक्ष लिखाणात दोन किंवा फार तर तीन विशेषणांपुढे सहसा कोणी जात नाही. वरच्या तांब्याचे सहा शब्द क्रम दाखवण्यापुरते ठीक. तसे वाक्य खरोखर कोणी लिहिले तर संपादक त्यातले निम्मे काढून टाकील.

या साऱ्यांच्याही आधी येतो तो ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘सम’, ‘एव्हरी’ अशा शब्दांचा गट. शालेय व्याकरणात यांपैकी बरेच शब्द विशेषणांतच मोजले जातात. आधुनिक व्याकरण त्यांना ‘डिटर्मिनर’ म्हणून वेगळे काढते, आणि मराठी माणसाच्या दृष्टीने ते वेगळे काढणे फार उपयोगाचे आहे. मराठीत ‘माझा एक मित्र’ आणि ‘हे माझे पुस्तक’ ही निर्दोष रचना आहे, कारण आपल्याकडे एकाच नामावर ‘माझा’ आणि ‘एक’, किंवा ‘हे’ आणि ‘माझे’, असे दोन शब्द खुशाल बसतात. इंग्रजीत ‘द’, ‘अ’, ‘माय’, ‘धिस’ यांच्यासाठी एकच आसन असते. एकाने ते घेतले की दुसऱ्याला उभे राहावे लागते. ‘माझा एक मित्र नाशिकला असतो’ याचे ‘माय वन फ्रेंड’ असे भाषांतर आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. ते ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ किंवा ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’ असे हवे. ‘हे माझे पुस्तक’साठी ‘धिस माय बुक’ नव्हे, तर ‘धिस बुक ऑफ माइन’, किंवा सरळ पूर्ण वाक्य, ‘धिस इज माय बुक’.

याच गटात ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांचा प्रसिद्ध फरक येतो. ‘फ्यू पीपल केम’ म्हणजे फारसे कोणी आले नाही, आणि बोलणाऱ्याचा सूर निराशेचा. ‘अ फ्यू पीपल केम’ म्हणजे थोडे का होईना, लोक आले. ‘लिटल’ आणि ‘अ लिटल’ यांचेही असेच, फक्त ते पाणी, वेळ, पैसा अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी.

विशेषणाला अनेकवचन नाही, हा नियम कळूनही एका ठिकाणी पाय घसरतो. ‘पाच वर्षांची मुलगी’ म्हणताना आपण ‘वर्षांची’ असे अनेकवचन वापरतो, आणि ‘द गर्ल इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ यातही ‘इयर्स’ आहे. पण तेच शब्द नामाआधी आले की त्यांचे मिळून एक विशेषण होते, आणि विशेषण झाले म्हणजे अनेकवचनाचा ‘स’ गेला: ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड गर्ल’. दहा रुपयांची नोट ‘अ टेन-रुपी नोट’, शंभर गुणांची प्रश्नपत्रिका ‘अ हंड्रेड-मार्क पेपर’, तीन तासांचा प्रवास ‘अ थ्री-अवर जर्नी’. लिहिताना या शब्दांमध्ये जोडरेघ द्यावी, म्हणजे ते एकजीव आहेत हे दिसते. एक नाम दुसऱ्या नामाचे विशेषण होते तेव्हाही हेच घडते. दुकानात शेकडो बूट असले तरी ते ‘शू शॉप’, आणि आमराईतल्या प्रत्येक झाडाला हजार आंबे लागले तरी ते ‘मँगो ट्री’. ‘गुड्स ट्रेन’ आणि ‘सेव्हिंग्ज बँक’ हे अपवाद वाटतात, पण ‘गुड्स’ म्हणजे माल आणि ‘सेव्हिंग्ज’ म्हणजे बचतीचे पैसे हे अर्थ त्या शब्दांच्या अनेकवचनी रूपातच आहेत. ‘गुड ट्रेन’ म्हटले तर मालगाडीची चांगली गाडी होईल.

विशेषणाचे नाम करण्याची हौस दोन्ही भाषांना आहे, पण मराठीला त्यात पूर्ण मोकळीक आहे. ‘गरिबाला’, ‘गरिबांना’, ‘थोरांचे’, ‘एका आंधळ्याने’ असे आपण एकवचनात आणि अनेकवचनातही म्हणतो. इंग्रजीत ‘द पुअर’ म्हणजे सगळा गरीब वर्ग. तो शब्द दिसायला एकवचनी, पण क्रियापद अनेकवचनी घेतो: ‘द पुअर आर सफरिंग’. त्याला ‘स’ लावून ‘पुअर्स’ करता येत नाही, आणि एका गरिबाबद्दल बोलायचे तर ‘अ पुअर मॅन’ किंवा ‘अ पुअर वुमन’ असे नाम जोडावे लागते.

मराठीची आणखी एक खोड अशी, की विशेषण दोनदा म्हणायचे. गरम गरम भजी, मोठी मोठी घरे, छोटे छोटे तुकडे, वेगवेगळे लोक. या द्विरुक्तीत किती अर्थ असतो पाहा: ‘गरम गरम भजी’ म्हणजे कढईतून नुकतीच काढलेली, ‘मोठी मोठी घरे’ म्हणजे घरे अनेक आणि प्रत्येक मोठे, ‘छोटे छोटे तुकडे’ म्हणजे सगळे सारख्या बेताने केलेले. ‘हॉट हॉट भजी’ आणि ‘स्मॉल स्मॉल पीसेस’ हे भारतीय इंग्रजीत गोड वाटले, तरी प्रमाण इंग्रजीला ते मंजूर नाही. तिथे अनेकपणा नामाच्या अनेकवचनावर सोपवतात आणि तीव्रता वेगळ्या शब्दावर: ‘पायपिंग हॉट’, ‘टायनी पीसेस’, ‘ह्यूज हाउसेस’.

‘टायनी’, ‘ह्यूज’, ‘फ्रीझिंग’, ‘एक्झॉस्टेड’ या शब्दांत ‘अतिशय’ हा अर्थ आधीच मुरलेला असतो, म्हणून त्यांच्या आधी ‘व्हेरी’ लावत नाहीत. जोर द्यायचाच तर ‘ॲब्सोल्यूटली’ म्हणतात. ‘डेड’, ‘मॅरिड’ अशा होय-नाही प्रकारच्या शब्दांनाही सहसा ‘व्हेरी’ लागत नाही. ‘परफेक्ट’ आणि ‘युनिक’ यांच्याबाबत कडक शिक्षक हाच नियम सांगतात, पण 1787 मध्ये लिहिलेल्या अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्याच वाक्यात ‘अ मोअर परफेक्ट युनियन’ असे शब्द आहेत, तेव्हा या नियमावर हट्ट धरताना जरा जपून राहावे.

तुलनेच्या बाबतीत मात्र इंग्रजी विशेषण आपले रूप खरोखर बदलते. मराठीत ‘सीमा रमापेक्षा उंच आहे’ यात तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’वर असतो, ‘उंच’ जसाच्या तसा राहतो. संस्कृतातून आलेले ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय ‘उच्चतर’, ‘लघुतम’ अशा शब्दांत दिसतात, पण ते पुस्तकी आहेत. ‘उंचतर’ असे कोणी बोलत नाही. इंग्रजीत दोन ठिकाणी काम करावे लागते: विशेषणाला ‘अर’ लावायचा आणि ‘पेक्षा’साठी ‘दॅन’ आणायचा, म्हणजे ‘टॉलर दॅन रमा’. एका अवयवाच्या, म्हणजे एकाच ‘सिलेबल’च्या, शब्दांना ‘अर’ आणि ‘एस्ट’ लागतात. दोन अवयवांचे जे शब्द लिहिताना वाय या अक्षराने संपतात, त्यांनाही हेच प्रत्यय: ‘हॅपी, हॅपिअर, हॅपिएस्ट’. लांब शब्दांच्या आधी ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’ येतात: ‘मोअर ब्यूटिफुल’. मधल्या काही शब्दांना, जसे ‘क्लेव्हर’ आणि ‘सिंपल’, दोन्ही चालते. दोन्ही एकदम मात्र कोणालाच चालत नाही. ‘मोअर बेटर’ ही चूक ‘जास्त चांगला’ या मराठी वळणातून येते. ‘बेटर’मध्ये ‘जास्त’ आहेच. शेक्सपिअरच्या काळी अशी दुहेरी रूपे लेखनातही खपत होती, आज ती खपत नाहीत.

लॅटिनमधून आलेले ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरिअर’, ‘इन्फीरिअर’ हे शब्द मुळातच तुलनेची रूपे आहेत. त्यांना ‘मोअर’ नको आणि ‘दॅन’ही नको; त्यांच्यापुढे ‘टू’ येतो. ‘शी इज सीनियर टू मी’ म्हणावे, ‘सीनियर दॅन मी’ नव्हे. ‘थोरला भाऊ’ म्हणजे ‘एल्डर ब्रदर’, पण तो माझ्यापेक्षा मोठा आहे असे सांगताना ‘ओल्डर दॅन मी’, कारण ‘एल्डर’ नामाआधीच शोभतो आणि ‘दॅन’ घेत नाही.

तुलना कोणाची कोणाशी होते आहे, याबाबतीत इंग्रजी आपल्यापेक्षा काटेकोर आहे. ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षा चांगली’ असे आपण म्हणतो तेव्हा हवेची तुलना हवेशीच आहे हे सर्वांना कळते. इंग्रजीत तेच शब्दशः लिहिले तर पुण्याच्या हवेची तुलना मुंबई या शहराशी होते, म्हणून ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज बेटर दॅन दॅट ऑफ मुंबई’ असा ‘दॅट ऑफ’ मधे घालावा लागतो. आणि ‘सर्वांत चांगल्या शहरांपैकी एक’ म्हणताना ‘वन ऑफ द बेस्ट सिटीज’ असे अनेकवचन हवे. इथे ‘सिटी’ असे एकवचन लिहिण्याची चूक भल्याभल्यांकडून होते.

क्रियापदांपासून बनलेल्या विशेषणांच्या जोड्या, म्हणजे ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’, ‘टायर्ड’ आणि ‘टायरिंग’, ‘कन्फ्यूज्ड’ आणि ‘कन्फ्यूजिंग’, यांत विद्यार्थी हमखास गोंधळतात. ‘मला बोअर झाले’ याचे ‘आय ॲम बोअरिंग’ असे भाषांतर केले, की ‘मी कंटाळवाणा माणूस आहे’ अशी कबुली दिली जाते. वास्तविक हा भेद मराठीत लख्ख आहे. कंटाळलेला श्रोता, कंटाळवाणे भाषण. थकलेला प्रवासी, थकवणारा प्रवास. गोंधळलेला विद्यार्थी, गोंधळात पाडणारा प्रश्न. जिथे मराठीत ‘लेला’ येईल तिथे ‘बोअर्ड’सारखे रूप, आणि जिथे ‘णारा’ किंवा ‘वाणा’ येईल तिथे ‘बोअरिंग’सारखे, असे ताडून पाहिले तर सहसा चूक होत नाही. पहिले रूप माणसांसाठी आणि दुसरे वस्तूंसाठी, असे काही शिकवण्यांमध्ये सांगतात, ते पुरेसे नाही; माणूसही ‘बोअरिंग’ असू शकतो, आणि ते आपण सारेच जाणतो.

‘लुक’, ‘साउंड’, ‘टेस्ट’, ‘स्मेल’, ‘फील’ या क्रियापदांनंतर विशेषण वापरायचे की क्रियाविशेषण, हाही नेहमीचा प्रश्न. ‘आंबा गोड लागतो’ यात गोडपणा आंब्याचा आहे, लागण्याच्या क्रियेचा नाही, म्हणून ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’, ‘स्वीटली’ नव्हे. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसत होता, तर ‘ही लुक्ड ॲट मी अँग्रिली’ म्हणजे त्याने माझ्याकडे रागाने पाहिले. पहिल्या वाक्यात तो स्वतः काही पाहत नाही, लोकांना दिसतो आहे. दुसऱ्यात तो पाहतो आहे आणि पाहण्याची रीत सांगितली आहे. शब्दाच्या शेवटी ‘ली’ दिसला म्हणजे क्रियाविशेषण, ही खूणही फसवी आहे, कारण ‘फ्रेंडली’, ‘लोनली’, ‘कॉस्टली’ ही विशेषणेच आहेत. उलट ‘हार्ड’ हा शब्द विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही: ‘अ हार्ड जॉब’, ‘ही वर्क्स हार्ड’. त्याला ‘ली’ लावून ‘ही हार्डली वर्क्स’ केले, की अर्थ ‘तो जवळजवळ काहीच काम करत नाही’ असा उलटतो, आणि शिफारसपत्रात असे वाक्य गेले तर ज्याच्यासाठी पत्र लिहिले त्याचे काम झालेच म्हणून समजावे.

काही विशेषणांमागे कोणते शब्दयोगी यावे, याला मात्र नियम सापडत नाही. ‘तिचे त्याच्याशी लग्न झाले आहे’ यातल्या ‘शी’मुळे ‘मॅरिड विथ’ असे लिहावेसे वाटते, पण इंग्रजीत ‘मॅरिड टू’ आहे. ‘गणितात हुशार’ म्हणजे ‘गुड ॲट मॅथ्स’, ‘इन’ नव्हे; ‘कुत्र्याला घाबरतो’ म्हणजे ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’. म्हणून नवे विशेषण वहीत उतरवताना ते एकटे न लिहिता पुढच्या शब्दासकट लिहावे. विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या चांगल्या इंग्रजी-इंग्रजी कोशांत ही माहिती प्रत्येक शब्दाखाली असते, आणि ‘फक्त नामाआधी’ किंवा ‘नामाआधी नको’ अशी बारीक टीपही दिलेली असते. ‘अस्लीप’ किंवा ‘मेन’ हा शब्द अशा कोशात उघडून पाहिला तर ती लगेच नजरेस पडेल.